शेवटचे चार आकडे

पाकीट हरवलं तर माणूस खिसे चाचपतो, चष्मा हरवला तर कपाळावर हात फिरवतो. पण नंबर हरवला तर चाचपायचं काय? काकांनी आधी कपाट उघडलं. मग आपण कपाटात बारा आकडे शोधतोय हे लक्षात आल्यावर घाईघाईने लावून टाकलं. बघायला घरात दुसरं कोणी नव्हतं, ते एका दृष्टीने बरंच झालं. दुसऱ्या दृष्टीने घरात कोणी नसणं काही बरं नव्हतं, पण त्याला आता बरीच वर्षं झाली होती आणि त्याबद्दलची तक्रार कुठल्याच खिडकीवर घेत नव्हते.

हरवलेला नंबर सरकारी होता. लेक परदेशात राहायची. तिने "बाबा, पुरे झालं आता एकटं राहणं, इकडे या" म्हणून सगळी खटपट केली होती. तिकडच्या सरकारला काका चालणार होते. फक्त इकडच्या सरकारने लिहून द्यायचं होतं की हा माणूस सरळ आहे, याच्या नावावर गुन्हा नाही, याला खुशाल घ्या. त्या दाखल्यासाठी काकांनी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन संगणकावर अर्ज भरला होता. 'येथे सर्व सरकारी अर्ज भरून मिळतील' अशी पाटी असलेलं दुकान. अर्ज भरून झाला, पडद्यावर हिरव्या रंगात बारा आकडे उमटले आणि दुकानदाराने विचारलं, "काका, प्रिंट काढू?"

काका हसले. नुसते हसले नाहीत, दुकानदाराच्या कित्येक दिवस लक्षात राहील असे हसले.

त्या हसण्याला कारण होतं. काकांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, चौकशीच्या टेबलावर झालेली. त्या काळी कुणाला कुणाचा नंबर हवा असला की लोक चौकशीला फोन करायचे आणि पलीकडून "नमस्कार, चौकशी" असं म्हणणारा आवाज बऱ्याचदा काकांचा असायचा. बाकीचे लोक जाडजूड पुस्तक चाळत बसायचे, काकांचं पुस्तक मिटलेलं असायचं. खात्यात त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे 'डिरेक्टरी' म्हणत, आणि काकांना ते इतकं आवडायचं की साहेबांनी एकदा चुकून खऱ्या नावाने हाक मारली तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलंच नाही.

त्यांची एक पद्धत होती. कितीही मोठा नंबर असू दे, त्याचे चार-चार आकड्यांचे तुकडे करायचे, आणि प्रत्येक तुकडा गावातल्या कुणाच्या तरी फोन नंबरचा शेवट म्हणून त्या माणसाकडे ठेवायला द्यायचा. आकडे पळतात, माणसं जागच्या जागी असतात, असं ते नव्याने लागलेल्यांना शिकवत. तेव्हा बारा आकडे म्हणजे काय, तीन माणसं. त्यासाठी कागद नासायचा?

पहिले चार आकडे त्यांनी चौकातल्या शिंप्याकडे ठेवले. मधले चार दाताच्या डॉक्टरांकडे. आणि शेवटचे चार बघून तर त्यांना दुकानातच हसू आलं होतं, एवढं त्यांना आठवत होतं. का हसू आलं होतं, ते मात्र आठवत नव्हतं.

हे त्यांना कळलं ते अर्ज कुठवर आला हे विचारायला सरकारी कार्यालयात गेले तेव्हा, खिडकीसमोर, भर रांगेत.

"नंबर?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

काकांनी घसा साफ केला आणि जुन्या ऐटीत, प्रत्येक आकड्याला त्याचा मान देत, पहिले आठ सांगितले. बाईंनी ते दाबले.

"पुढे?"

पुढे काही नव्हतं. शिंपी आपल्या दुकानाच्या दारात उभा होता, डॉक्टर आपल्या खुर्चीशेजारी उभे होते, आणि तिसऱ्या माणसाच्या ठिकाणी नुसतीच जागा होती.

"पुढचे चार, काका."

"येतायत," काका म्हणाले.

ते आले नाहीत. मागचा माणूस खोकला. काकांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "बाई, नावावरून बघा ना," ते म्हणाले.

"नावाने शोधायची सोय नाही. एका नावाची चार माणसं असतात. नंबर एकटाच असतो."

तसा मीही, असं काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण मागच्या माणसाचं कोपर पाठीत बसलं.

"मोबाइलवर मेसेज आला असेल की," बाई म्हणाल्या.

"नाही आला."

"मग मोबाइल नंबर चुकीचा दिला असेल तुम्ही."

"चुकीचा? नंबर? मी?" काकांचा आवाज असा चढला की शेजारच्या खिडकीवरची रांगसुद्धा इकडे बघायला लागली. "अहो बाई, तुम्ही शाळेत होता तेव्हा तुमच्या शाळेचा नंबर लोकांना मी देत होतो!"

"छान," बाई म्हणाल्या. "हे बघा, पडताळणीला पोलीस घरी येतो. त्याच्या कागदावर नंबर असतो. त्याला विचारा."

"कधी येईल तो?"

"ते अर्जाच्या नंबरवरून कळतं. आणि महिनाअखेर अर्ज बंद होतो हां. पुढचे कोण?"

घरी येईपर्यंत काका रस्ताभर त्या बाईंना उत्तरं देत होते, आणि एकेक उत्तर असं बिनतोड होतं की ऐकायला कोणी नाही याचं त्यांना वाईट वाटलं. त्यांच्या इमारतीच्या जिन्यातला दिवा गेलेला होता. त्याचीही तक्रार त्यांनीच केली होती आणि त्या तक्रारीचा नंबर त्यांना घडाघडा पाठ होता. चार पायऱ्या चढून झाल्यावर त्यांनी तो एकदा मोठ्याने म्हणून पाहिला. बरोबर आला. म्हणजे डोकं जागेवर होतं. फक्त त्यातला एक माणूस उठून गेला होता.

रविवारी लेकीचा फोन आला. पडद्यावर आधी तिचं कपाळ, मग ती.

"बाबा, अर्ज कुठवर आला? नंबर पाठवा ना, मी इथून बघते."

"पाठवतो ना. जरा चष्मा सापडला की पाठवतो."

"बाबा, चष्मा तुमच्या डोळ्यावर आहे."

"हा लांबचा. जवळचा वेगळा."

लेक पडद्यातून नुसती बघत राहिली. काकांना उशिराची भीती नव्हती. तिला खरं कळलं की ती रागावणार नाही, "असू दे हं बाबा" म्हणेल, अगदी मऊ आवाजात म्हणेल, याची भीती होती. त्या मऊ आवाजाने माणूस एका क्षणात म्हातारा होतो. त्यांनी हवेचा विषय काढला, मग जावयांच्या पाठीचा, आणि फोन ठेवला. महिना संपायच्या आत नंबर सापडायलाच हवा होता. तो सापडला नाही तर लेकीचं घर या वर्षी तरी गेलं, आणि लेकीचं घर सोडलं तर या जगात काकांना नावाने, नात्याने, कशानेही ओळखणारं दुसरं घर उरलेलं नव्हतं.

दुकानदाराकडे काही मिळेल म्हणून काका आधी तिकडे गेले. दुकानदार म्हणाला, "आमच्याकडे रोज संध्याकाळी सगळं पुसून टाकतात. गिऱ्हाइकाची माहिती बाहेर जायला नको ना. मी तुम्हाला विचारलं होतं, प्रिंट काढू का. तुम्ही हसला होता."

"आणि मोबाइल नंबर कुठला टाकलास?"

"तुम्ही सांगितलात तो. एवढे ठणकावून सांगत होतात, मी परत विचारलंसुद्धा नाही."

ठणकावून सांगितला म्हणजे बरोबरच सांगितला असणार, असं काकांनी ठरवलं आणि मेसेज न येण्याचा दोष उपग्रहावर टाकला.

आता ही गोष्ट औषधांच्या दुकानात बोलायची गरज नव्हती. पण माणूस दिवसचे दिवस कुणाशी बोलला नसला की सुट्टे पैसे देणाऱ्यालाही सगळं सांगून टाकतो. औषधवाल्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि मागच्या फळीवरून एक डबी काढली. "स्मरणशक्तीसाठी उत्तम. फक्त रोज आठवणीने घ्यायची." काका रोज आठवणीने विसरले.

वरच्या मजल्यावर निवृत्त वकील राहायचे. त्यांना कुणीतरी अडचणीत आहे हे दरवाजा उघडायच्या आत कळायचं. "हे प्रकरण साधं नाही," ते आनंदाने म्हणाले. "तुम्ही आधी पोलिसात नोंद करा, वस्तू गहाळ झाल्याची. मग त्या नोंदीच्या आधारावर प्रतिज्ञापत्र. मग त्या प्रतिज्ञापत्राच्या आधारावर विनंती अर्ज. तो फेटाळला की आपण वर जाऊ."

"फेटाळलाच नाही तर?"

"असं कसं होईल?" वकिलांचा चेहरा पडला.

पोलीस चौकीत एक मिशीवाले जमादार होते. त्यांनी नोंदीचा कागद समोर ओढला आणि गंभीरपणे विचारायला सुरुवात केली.

"काय हरवलं?"

"नंबर."

"गाडीचा?"

"नुसताच."

"वर्णन सांगा."

"बारा आकडी. त्यातले आठ माझ्याजवळ आहेत."

"म्हणजे अर्धवट चोरी," जमादार म्हणाले. "रंग?"

काकांनी प्रामाणिकपणे आठवून सांगितलं, "हिरवा."

"शेवटचा कुठे पाहिला?"

काकांनी डोक्याला बोट लावलं. जमादारांनी 'डोक्यात' असं लिहिलं, मग जरा विचार करून ते खोडलं आणि 'राहत्या ठिकाणी' असं केलं. "कोणावर संशय?"

"स्वतःवर," काका म्हणाले. हे ते गमतीने म्हणाले होते. पण म्हणून झाल्यावर त्यांना त्यात फारशी गंमत सापडली नाही, आणि जमादारांनाही सापडली नसावी, कारण त्यांनी पेन खाली ठेवून काकांना पाणी विचारलं.

नोंद झाली, तिला एक नंबर मिळाला. प्रतिज्ञापत्र झालं: 'मी शपथेवर कथन करतो की सदर नंबर मला आठवत नाही.' त्यालाही एक नंबर मिळाला. विनंती अर्ज खिडकीत गेला, बाईंनी त्यावर शिक्का मारून त्याचा नंबर दिला आणि सांगितलं की याच्याबरोबर मूळ अर्जाचा नंबर जोडा म्हणजे हा मूळ अर्जाला लागेल. काकांना आता तक्रारीचा नंबर, नोंदीचा नंबर, शपथेचा नंबर आणि विनंतीचा नंबर, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आले असते. पण त्यांना झोपेतून उठवणारंही कोणी नव्हतं.

नंबर अंदाजाने टाकून बघायचाही मार्ग होता. दुकानदाराने सांगितलं, दिवसाला तीन चुका चालतात, चौथ्या वेळी दुसऱ्या दिवसापर्यंत बंद. काकांनी मनात हिशेब केला. शक्य असलेले सगळे आकडे लावून बघायला नऊ वर्षं लागणार होती. दाखला मिळेपर्यंत आपलं चारित्र्य तेवढं चांगलं टिकेल की नाही, अशी त्यांना शंका आली.

तेव्हा त्यांनी सरळ त्या दोघांनाच भेटायचं ठरवलं. शिंपी आणि डॉक्टर भेटले तर कदाचित त्यांच्या शेजारचा तिसरा आठवेल. चौकात शिंप्याच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळत होती. तिथल्या मुलीला शिंपी माहीत नव्हता, तिच्या आधीच्या मालकालाही माहीत नसावा. डॉक्टरांच्या इमारतीच्या जागी दुसरी इमारत होती, नवीसुद्धा नाही, चांगली जुनी झालेली. काका तिच्याकडे बघत थोडा वेळ उभे राहिले. आपल्या डोक्यात अजून माणसं आपापल्या दारात उभी आहेत आणि बाहेर त्यांची दारंसुद्धा कधीच काढून नेली, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. त्यांना फार एकटं वाटलं. घरात वाटायचं त्यापेक्षा जास्त.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी शिंप्याचा नंबर फिरवला. काही उपयोग नाही हे कळत होतं, तरी फिरवला. पलीकडून एका बाईचा स्वच्छ आवाज आला: "आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही. कृपया तपासून पाहावा."

काका ताठ बसले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. चौकशी विभागाच्या सुपरवायझरबाई! हे वाक्य त्यांच्याकडून बोलवून घेतलं तेव्हा काका त्याच खोलीत होते. चार वेळा त्या 'कृपया'वर अडखळल्या होत्या आणि पाचव्या वेळी नीट म्हणून झाल्यावर खोलीभर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्यांना जाऊनही आता बराच काळ झाला. काकांनी डॉक्टरांचा नंबर फिरवला, मग छापखान्याचा, मग सायकलवाल्याचा. सुपरवायझरबाई प्रत्येक वेळी तितक्याच अदबीने उत्तर देत होत्या. "अहो बाई, मी डिरेक्टरी बोलतोय," काका एकदा म्हणालेही. बाईंनी तपासून पाहायला सांगितलं.

पुढचे दिवस काका घरी बसले. पोलीस येईल, त्याच्या कागदावर नंबर असेल. अंघोळ उरकायची ती दार किलकिलं ठेवून. कडी वाजल्यासारखी वाटली की धावत जायचं. कोणी आलं नाही. अखेर घरातलं दूध संपलं, पाव संपला, आणि काका पिशवी घेऊन जेमतेम कोपऱ्यापर्यंत गेले. आता सरकारी माणूस नेमका कधी आला असेल, हे वाचकांना सांगायची गरज नाही.

ते परतले तेव्हा समोरच्या दारात नर्सबाई उभ्या होत्या. समोरचं घर त्यांनी वर्ष-दीड वर्षापूर्वी घेतलं होतं. त्यांची बहुतेक रात्रपाळी असायची, त्यामुळे त्या निघायच्या तेव्हा काका दार लावत असायचे. दोघांचा संबंध मान हलवण्यापलीकडे गेला नव्हता. आज मात्र त्या वाट बघत असल्यासारख्या उभ्या होत्या आणि चेहरा ओशाळा होता.

"काका, माझ्याकडून मोठी चूक झाली हो. मघाशी एक पोलीस आला होता. तुमची बेल वाजवली, कोणी नाही म्हणून माझी वाजवली. एक नाव सांगितलं आणि म्हणाला, हे इथे राहतात का? मी म्हटलं, नाही."

"नाही?"

"मला तुमचं नावच माहीत नव्हतं. दारावर बाईंचं नाव आहे ना. तो गेल्यावर मी खाली पत्रपेटीवर बघितलं, तर तेच नाव. धावले मागे, पण गेला होता."

काकांच्या दारावर अजून बायकोच्या नावाची पाटी होती. ती मुलांना भूमिती शिकवायची, तेही पाटीवर होतं. पाटी काढायला कधी हात धजला नव्हता, आणि आपलं नाव लावायचं तर ते वाचायला कोण येणार होतं?

"मग मी इथे राहतो ते तुम्ही काय समजत होता?"

"मला वाटलं तुम्ही भूमितीचे सर," नर्सबाई म्हणाल्या. "मी त्यालाही तसंच सांगितलं. म्हटलं, इथे एक सर असतात. एकटेच असतात. विद्यार्थी कोणी येत नाहीत."

काकांना हसावं की दार लावून घ्यावं हे कळेना. दारातच पिशवी घेऊन उभे राहिले. महिनाअखेर जवळ आली होती, सरकारच्या लेखी ते आता घरातही नव्हते, आणि शेजारच्यांच्या लेखी ते वेगळेच कोणी होते.

"थांबा, असं करू," नर्सबाई घाईने म्हणाल्या. "तो परत आला आणि तुम्ही बाहेर असलात तर मी त्याला बसवून घेते आणि तुम्हाला फोन करते. तुमचा नंबर द्या."

आता हे वाक्य काकांनी आयुष्यभर ऐकलं होतं. डॉक्टरांचा नंबर द्या, शाळेचा नंबर द्या, माझ्या भावाचा नंबर द्या. पण 'तुमचा नंबर द्या' असं त्यांना कोणी किती वर्षांत म्हटलं नव्हतं! डोकं काही बोलायच्या आत तोंड बोलून गेलं, कोड वगैरे सगळं, आणि शेवटी जुन्या ठेक्यात: "बावीस, सत्तेचाळीस, शून्य नऊ."



हा मोबाइलचा नंबर नव्हता. हा घरचा जुना फोन होता, बोळातल्या तिवईवरचा. नोकरी होती तोवर रोज संध्याकाळी पाळी संपली की काका चौकशीच्या टेबलावरून हा नंबर फिरवायचे आणि एकच शब्द बोलायचे, "निघतोय." पलीकडून बायको म्हणायची, "मग निघा की, सांगत काय बसलात!" हे इतकी वर्षं चाललं की खात्यातले लोक त्यावर घड्याळ लावायचे. ती गेली त्यानंतर एकदा बाहेरून काकांनी सवयीने तो नंबर फिरवला. पलीकडे रिकाम्या घरात घंटी वाजत राहिली, वाजतच राहिली. ते वाजणं त्यांना सहन झालं नाही. त्याच आठवड्यात त्यांनी फोन काढून टाकला, आणि त्याच्याबरोबर तो नंबरही डोक्यातून काढून टाकला असं त्यांना वाटत होतं.

पण तोंडातून काढायचा राहिला होता. अर्जाच्या दुकानातही 'फोन नंबर?' म्हटल्यावर हाच ठणकावून दिला गेला होता. कोड धरून बरोबर दहा आकडे, संगणकानेही कुरकुर केली नाही. सरकारने इमानाने मेसेज पाठवला तो सुपरवायझरबाईंकडे. आणि मग पडद्यावर अर्जाचा नंबर आला तेव्हा त्याचे शेवटचे चार आकडे बघून काकांना हसू आलं होतं ते याचंच. शेवटचे चार, चार सात शून्य नऊ. हे कुणाकडे कशाला ठेवायला द्यायचे, हे तर घरचेच.

"काका, बरं वाटत नाहीये का?" नर्सबाईंनी त्यांचं मनगट धरलंसुद्धा होतं.

"सापडला," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला एकही हात मोकळा नव्हता, एका हातात दुधाची पिशवी होती आणि दुसरं मनगट नर्सबाईंकडे होतं.

मग खरा मोबाइल नंबर दिला गेला. तो मात्र काकांना आतून डबी आणून तिच्या झाकणावर लिहून ठेवलेला बघून वाचावा लागला, कारण स्वतःला कोण फोन करतं? नर्सबाईंनी त्यावर एक रिंग दिली, तसा त्यांचाही नंबर काकांच्या पडद्यावर उमटला. डबी औषधवाल्याची होती, एवढा तिचा उपयोग झाला.

खिडकीतल्या बाईंनी बारा आकडे दाबले आणि पडदा वाचून दाखवला: "अर्जदार पत्त्यावर आढळला नाही. शेजाऱ्यांच्या म्हणण्यानुसार तिथे भूमितीचे शिक्षक राहतात." मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुम्ही म्हणाला होता टेलिफोनमध्ये होता म्हणून."

"पडताळणी परत करा," काका म्हणाले. "या वेळी शेजारी ओळखतात."

पोलीस परत आला तेव्हा काका घरी होते आणि नर्सबाईही झोपमोड करून येऊन बसल्या होत्या. पोलिसाने कागद काढला. "तुम्ही यांना किती वर्षांपासून ओळखता?"

"परवापासून," नर्सबाई म्हणाल्या.

पोलिसाचं पेन थांबलं.

"पण चांगलं ओळखते," त्या पुढे म्हणाल्या. "राहायला आल्यापासून सगळं ऐकतेय ना समोरून. सकाळी रेडिओ लावतात, हळू लावतात. झाडांना पाणी घालताना माझ्या कुंडीलाही घालतात, मला वाटतं त्यांना वाटतं मला कळत नाही. आणि रोज संध्याकाळी सहाला दार उघडून थोडा वेळ उभे राहतात आणि परत लावून घेतात. मी समजत होते विद्यार्थ्यांची वाट बघतात."

काकांनी मान खाली घातली. सहा म्हणजे पाळी सुटायची वेळ. आपण दार उघडतो हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

"गुन्हा, भांडण, तक्रार वगैरे?"

"अहो, गुन्हा करायला माणसाला कुठेतरी जावं लागतं. हे कुठेच जात नाहीत."

पोलिसाने 'शेजारी चांगले ओळखतात' असं लिहिलं आणि चहा घेतला.

महिना संपायच्या आत दाखला आला. काका तो घ्यायला गेले तेव्हा कार्यालय बंद व्हायला आलं होतं. खिडकीतल्या बाईंनी कागद सरकवला. "याचाही नंबर आहे हां वर कोपऱ्यात. लिहून ठेवा."

"ठेवतो," काका म्हणाले आणि खरंच दोरीला बांधलेल्या पेनाने हातावर लिहून घेतला. बाईंना पहिल्यांदा हसू आलं.

बाहेर पायऱ्यांवर येऊन काका थांबले. आतल्या टेबलांवरची माणसं पिशव्या उचलून भराभर बाहेर पडत होती. जिकडेतिकडे दिवसभराचं काम संपलं होतं. हातात कागद होता, त्यावर लिहिलं होतं की हा माणूस सरळ आहे, याला जाऊ द्यावं. लेकीला रविवारी सांगायचं होतंच. येतो म्हणायचं, मन भरेपर्यंत राहतो म्हणायचं, पण तिकीट परतीचंही काढ म्हणायचं. ती का विचारील, आणि त्याला काय उत्तर द्यायचं हे अजून ठरायचं होतं.

सहा वाजले. काकांचा हात आपोआप खिशात गेला आणि बोटांनी दहा आकडे दाबले. या नंबरचे तुकडे केले नव्हते, कुणाकडे ठेवायला दिले नव्हते, तरी तो अख्खा आला. पलीकडे घंटी वाजायला लागली. आपण काय सांगणार आहोत? काही कामच नव्हतं. फोन ठेवावा असं त्यांनी ठरवलं, तेवढ्यात पलीकडून उचलला गेला.

"हॅलो? काका?"

काकांनी घसा साफ केला.

"निघतोय," ते म्हणाले.

मग नर्सबाई म्हणाल्या, "बरं, या. जिन्यातला दिवा अजून गेलेलाच आहे, जपून या."

काकांनी दाखल्याची घडी घालून खिशात ठेवली आणि जपून पायऱ्या उतरायला लागले.